किर्द घट्ट, नियम सैल



गळीत हंगामात काट्यावर गाडी उभी राहते. भरल्या गाडीचे वजन होते, ऊस गव्हाणीत उतरतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते आणि दोन वजनांतला फरक तो आपला ऊस. हा फरक पूर्वी काट्यावरचा कारकून जाड वहीत लिहीत असे. आता तो संगणकात जातो आणि शेजारच्या यंत्रातून पावती निघते. पावती हातात पडली की आपण म्हणतो, झालं काम.

पण त्या एका वजनातून निदान चार नोंदी व्हायच्या असतात. सभासदाच्या खात्यावर टन जमा. टोळीच्या मुकादमाच्या खात्यावर तेवढ्या टनाची तोडणी. वाहतूकदाराच्या खात्यावर अंतराप्रमाणे भाडे. आणि कारखान्याच्या हिशेबात त्या दिवसाची ऊस आवक. आता समजा, पहिल्या दोन नोंदी झाल्या आणि तेवढ्यात वीज गेली. वाहतूकदाराचे भाडे राहिले, आवक कमी दिसू लागली. वीज आल्यावर कारकुनाने पुन्हा बटण दाबले, तर सभासदाचे टन दुप्पट आणि वाहतूकदाराचे एकपट. क्रम उलटा असता तर सभासदाचेच टन गेले असते. वहीच्या काळात अर्धी राहिलेली ओळ डोळ्यांना दिसायची. संगणकातली अर्धी नोंद तशी दिसत नाही. ती गुपचूप बसून राहते आणि पुढे पंधरवड्याच्या बिलात उगवते. मग सभासद पावती घेऊन शेतकी खात्यात, शेतकी खाते हिशेब खात्याकडे, हिशेब खाते संगणकवाल्याकडे, अशी फिरती सुरू होते.

ही अर्धी नोंद होऊच नये म्हणून संगणकाच्या पोटात काय बंदोबस्त केलेला असतो, हा आजचा विषय आहे. ऐकायला तांत्रिक वाटेल, पण मुळात तो हिशेबाचा आहे, आणि हिशेब आपल्याला नवा नाही.

टेंभी नाक्यावर

विषय नीट समजावा म्हणून आम्ही ठाण्याला गेलो. आपल्या कार्यक्षेत्रातली कितीतरी मुले-मुली शिकून त्या बाजूला कामाला आहेत, हे सर्वांना ठाऊक आहेच. त्यांपैकी आमच्या एका सभासदांची कन्या आणि तिचे दोन सोबती टेंभी नाक्याजवळ दोन खोल्यांत बसून एक सॉफ्टवेअर तयार करतात. हे सॉफ्टवेअर तुम्हा-आम्हाला थेट दिसणार नाही. दुसरे लोक जी सॉफ्टवेअरे लिहितात, त्यांच्या आत बसवायचा तो भाग आहे. त्याचे काम एकच : व्यवहाराची नोंद पक्की ठेवणे. नावे छापू नका अशी त्यांची अट होती, ती आम्ही पाळली आहे.

टेंभी नाका म्हणजे जुन्या ठाण्यातली, स्टेशनापासून चालत जाता येईल अशी जागा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्याला पोचली होती. नाक्यावरचे नवरात्र तर सगळ्या जिल्ह्यात प्रसिद्ध. त्या नऊ रात्री देवीच्या दर्शनाला जी गर्दी लोटते तिच्यात पाऊल ठेवायला जागा नसते.

आम्ही विचारले, "बाई गं, आम्हा शेतकऱ्यांना समजेल असं सांग." त्यावर ती हसून म्हणाली, "काका, मग नवरात्रातलंच उदाहरण घ्या. तुम्ही ओटीचं सामान घेतलंत दीडशे रुपयांचं. पैसे फोनवरून दिले. तुमचं खातं गावाकडच्या बँकेत, विकणाऱ्या मावशींचं इथल्या बँकेत. म्हणजे वह्या दोन, गावं दोन. तुमच्या वहीत दीडशे नावे पडायचे, मावशींच्या वहीत दीडशे जमा व्हायचे. गर्दीत फोनची रेंज गेली आणि तुमचे कापले गेले, पण मावशींच्या फोनवर काहीच वाजलं नाही, तर?"

तर तेथे भांडण होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

फोनवरून पैसे देण्याची यूपीआय ही व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. मुंबईत मुख्यालय असलेली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ती चालवते. दोन बँकांच्या मध्ये निरोप्या उभा असावा, तसे तिचे काम. तो एका बँकेला म्हणतो, कापा. दुसरीला म्हणतो, जमा करा. दुसरीकडून होकार आला नाही, तर पहिलीला सांगावे लागते की कापलेले परत करा. प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. एकाच क्रमांकाचा निरोप दोनदा आला तर दुसऱ्यांदा पैसे हलता कामा नयेत, यासाठी अशा क्रमांकाचा मोठा उपयोग.

येथे सभासदांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगून ठेवतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने एखाद्या माणसाला पैसे पाठवले, आपले कापले गेले पण त्याला मिळाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रक्कम आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला दिले असतील आणि त्याला पोच मिळाली नसेल, तर पाच दिवसांत. मुदत उलटली तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही न मागता. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून कापल्या गेल्या, तर त्यालाही पाच दिवस आणि पुढे रोजचे शंभर. मात्र आपणच चुकीच्या नंबरावर पैसे पाठवले, तर तो व्यवहार फसला असे धरत नाहीत. तेव्हा तो बारा आकडी क्रमांक जपून ठेवावा आणि बँकेत तोच दाखवावा.

आधी किर्द, मग खतावणी

मूळ मुद्दा असा : चार नोंदी असोत की दोन, त्या सगळ्या व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. हे यंत्राला शिकवायचे कसे? वीज जाणार हे यंत्राला आधी कळत नाही.

याचे उत्तर आपल्या जुन्या दिवाणजींना माहीत होते. पेढीवर दोन वह्या असत. दिवसभरात जे घडेल ते त्याच क्रमाने किर्दीत लिहायचे. मग निवांतपणे त्यातली एकेक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची. खतावणी चढवता चढवता दिवाणजी आजारी पडले तरी पेढी बुडत नसे. दुसरा माणूस येऊन किर्द उघडून बसे, कोठपर्यंत चढवले ते बघे आणि तेथून पुढे चढवी. किर्द शाबूत असली की खतावणी पुन्हा उभी करता येते.

संगणकातही नेमके हेच करतात. खात्यातला आकडा बदलण्याआधी "अमुक खात्यात अमुक बदल करणार" असे एका वेगळ्या फाईलीत लिहितात. चारही बदल लिहून झाले की खाली एक खूण करतात : "व्यवहार पुरा." मगच खात्यांना हात लावायचा. वीज गेली आणि आली, तर यंत्र सर्वांत आधी ही किर्द वाचते. ज्या व्यवहाराखाली "पुरा" ही खूण आहे, तो खतावणीत चढवून टाकते. ज्याच्याखाली खूण नाही, तो झालाच नाही असे समजून सोडून देते. अर्धा असा प्रकारच उरत नाही.

दुसरीही एक रीत आहे. आकडा बदलण्याआधी जुने पान जसेच्या तसे नकलून बाजूला ठेवायचे. मध्येच बिघाड झाला तर ते जुने पान परत लावायचे. कोणती रीत घ्यायची हे कामावर ठरते. बदल बाजूला लिहीत जाण्याच्या रीतीत एकजण लिहीत असताना दुसऱ्यांना वाचता येते. जुने पान जपण्याच्या रीतीत लिहिणाऱ्यासाठी वाचणाऱ्यांना काही क्षण थांबावे लागते.

या शास्त्राला रूप आले ते १९७० नंतरच्या दशकात. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत जिम ग्रे नावाच्या संशोधकाने व्यवहार म्हणजे नेमके काय, याची मांडणी केली. त्यांचा या विषयावरचा प्रसिद्ध निबंध १९८१ चा. १९८३ साली हेर्डर आणि रॉयटर या दोन जर्मन संशोधकांनी चांगल्या व्यवहाराची चार लक्षणे एका शब्दात गुंफली. आपल्या भाषेत ती अशी सांगता येतील : व्यवहार अर्धा नसावा, हिशेब जुळता राहावा, एकाच्या कामात दुसऱ्याची लुडबूड नसावी, आणि एकदा झाले म्हटले की ते टिकावे. ग्रे यांना १९९८ साली संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. बिघाडानंतर किर्दीवरून खतावणी पुन्हा उभी करण्याची सविस्तर पद्धत १९९२ साली सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. हे मोहन मद्रासच्या आयआयटीचे विद्यार्थी. आणि जगभर महाविद्यालयांत हा विषय ज्या पुस्तकावरून शिकवतात त्याच्या तीन लेखकांपैकी एक, एस. सुदर्शन, हे पवईच्या आयआयटीचे प्राध्यापक. पवई काही ठाण्यापासून लांब नाही. टेंभी नाक्यावरच्या त्या खोलीत तेच पुस्तक टेबलावर होते, कोपरे दुमडलेले.

दोन कारकून, एक खाते

चार लक्षणांतले लुडबुडीचे लक्षण आपल्या कारखान्याला फार लागू आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

समजा, एका सभासदाच्या खात्यावर ४८,००० रुपये शिल्लक आहे. एका टेबलावर ऊसबिलाचे ३०,००० जमा करायचे चालले आहे. त्याच मिनिटाला दुसऱ्या टेबलावर सोसायटीच्या वसुलीचे १२,००० कापायचे चालले आहे. दोघांनीही शिल्लक वाचली, ४८,०००. पहिल्याने ७८,००० करून ठेवले. दुसऱ्याने ४८,००० मधून १२,००० वजा करून ३६,००० लिहिले, आणि तो शेवटी लिहिणारा असल्यामुळे त्याचाच आकडा राहिला. खरी शिल्लक ६६,००० हवी होती. दोघांचेही गणित बरोबर, दोघेही प्रामाणिक, वीजही गेली नाही. तरी ३०,००० रुपये हवेत गेले.

यावर उपाय म्हणजे खात्याला काही क्षण कुलूप लावणे. पहिल्याचे काम होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. पण कुलूप आले की नवी अडचण आली. पहिल्याकडे सभासदाचे खाते आहे आणि त्याला सोसायटीचे खाते हवे आहे. दुसऱ्याकडे सोसायटीचे आहे आणि त्याला सभासदाचे हवे आहे. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसले. अरुंद पाणंदीत समोरासमोर दोन ट्रॅक्टर आले की जे होते ते हेच. तेथे एकाला मागे घ्यावेच लागते. चांगले सॉफ्टवेअर अशी कोंडी ओळखते, दोघांपैकी एकाला मागे घेते, त्याने आतापर्यंत केलेले सगळे पुसते आणि दुसरा निघून गेला की त्याला पहिल्यापासून सुरू करू देते. मागे घेतलेल्याची एकही खूण वहीत राहात नाही, कारण त्याच्याखाली "पुरा" ही खूण झालेलीच नसते.

इंजिन एक, औते अनेक

आता त्या मुलांच्या खऱ्या कामाकडे येऊ. ती जे करतात त्याला त्यांच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. आपल्याला लायब्ररी म्हटले की वाचनालय आठवते. येथे अर्थ निराळा. एकाने एकदा नीट घडवलेला, आणि इतरांनी आपापल्या कामात उचलून बसवायचा, असा तयार भाग म्हणजे लायब्ररी.

ट्रॅक्टरचे उदाहरण घ्या. इंजिन एकच. मागे फिरणारा दांडा, पी.टी.ओ., तोही ठरलेल्या मापाचा. त्याला आज रोटाव्हेटर जोडा, उद्या फवारणीचा पंप, परवा मळणीयंत्र. इंजिनाला ठाऊक नसते की मागे काय लावले आहे. ठाऊक असायची गरजही नाही. रोटाव्हेटर बनवणाऱ्यालाही इंजिन खोलावे लागत नाही, दांड्याचे माप तेवढे पाळावे लागते.

"काका, आमचं सगळं डोकं त्या दांड्याच्या मापात जातं," ती म्हणाली. "आमच्या लायब्ररीला टन कळत नाही, रुपया कळत नाही, सभासद कळत नाही. तिला एवढंच कळतं की व्यवहार सुरू झाला, हे लिही, ते लिही, आणि आता पक्का कर, नाहीतर सोडून दे. कारखान्यानं टन लिहावेत, बँकेनं रुपये लिहावेत, दवाखान्यानं केसपेपर लिहावेत. तिला सगळं सारखंच."

आम्ही विचारले, "मग खाली वही कुठली?"

"तीही बदलता यायला हवी. आज एका यंत्राच्या डिस्कवर लिहायचंय, उद्या दुसरीकडच्या यंत्रावर, तपासणी करताना नुसतं आठवणीत. म्हणून खालच्या अंगालाही आम्ही तसाच एक दांडा ठेवलाय. वही उघड, लिही, वाच, पक्कं करून दे, एवढी चार कामं ज्याला येतात, ती वही चालेल."

म्हणजे वर औते बदलती, खाली वही बदलती, आणि मध्ये व्यवहाराचे इंजिन तेवढे पक्के. लवचिक लायब्ररी म्हणतात ती ही.

अशी लायब्ररी जगात नवी नाही. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात सुरुवात झालेली बर्कली डीबी ही त्यांतली एक जुनी आणि नावाजलेली. तिच्यात काय ठेवायचे याचा अर्थ ती विचारत नसे. किल्ली द्या, वस्तू द्या, ती सांभाळेल. शिवाय कुलूप हवे की नको, किर्द हवी की नको, हे वापरणाऱ्याने निवडायचे. २००६ साली ओरॅकल कंपनीने ती विकत घेतली. दुसरी एसक्यूलाईट, रिचर्ड हिप यांनी २००० साली काढलेली. तिच्यावर कोणाचा मालकी हक्क नाही. ती सर्वांसाठी खुली आहे. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ती आहे, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. सगळी वही एकाच फाईलीत मावते. २००४ पासून त्या फाईलीची ठेवण तशीच राखली आहे, आणि २०५० पर्यंत ती वाचता येईल असे आपण बघू, असे तिच्या कर्त्यांनी जाहीर केले आहे. सहकारात आपण जुनी दप्तरे जपतो. त्या दृष्टीने हे वचन लहान नाही.

कोठे सैल सोडू नये

लवचिकपणा चांगला, पण सगळीकडे नाही. बर्कली डीबीसारख्या लायब्ररीत किर्दच बंद ठेवता येई. ज्याला घाई आहे आणि माहिती गेली तरी चालते, त्याला ते सोयीचे. पण ऊसबिल करणाऱ्याने ते बटण बंद ठेवले तर वीज जाण्याच्या दिवशी गाठ पडते.

येथे आणखी एक खाच आहे. संगणकाला आपण "लिही" म्हणतो आणि तो लगेच "लिहिले" म्हणतो. पुष्कळदा त्याने तोपर्यंत डिस्कवर काही लिहिलेले नसते, नुसते आठवणीत धरलेले असते. हुशार कारकून चिठोऱ्यावर टिपून ठेवतो आणि साहेबांना "झालं" म्हणतो, तसे. चिठोरे उडाले की नोंद उडाली. म्हणून लायब्ररीने दरडावून सांगावे लागते : आधी डिस्कवर उतरव, उतरल्याची खात्री दे, मग मी "पुरा" म्हणते. याला वेळ लागतो. काट्यावर पावती निघायला क्षणभर उशीर झाला, तर तो क्षण या खात्रीत गेला असावा.

वेग वाढवायचा म्हणून ही खात्री गुपचूप काढून टाकणे हा या धंद्यातला मोह आहे. ही मुले त्यावर एक नियम पाळतात : न सांगता जे मिळते ते सर्वांत सुरक्षित असावे. सैल करायचेच असेल, तर वापरणाऱ्याने स्वतः, नाव घेऊन, लिहून सैल करावे.

आणि तपासणी. व्यवहाराच्या चाळीस पायऱ्या असतील तर ती चाळीस वेळा मुद्दाम बिघाड घडवतात : पहिलीनंतर वीज गेली, दुसरीनंतर गेली, तिसरीनंतर गेली. प्रत्येक वेळी यंत्र उठल्यावर हिशेब जुळला पाहिजे. एसक्यूलाईटच्या बाबतीत तर मूळ सॉफ्टवेअरच्या पाचशेपटींहून अधिक मजकूर नुसता तपासणीसाठी लिहिला आहे. एक पोते साखरेमागे पाचशे पोती तपासणीची, असा हा प्रकार. पण जगातल्या फोनांचा भरवसा त्यावर आहे.

नियम बदलतात, किर्द बदलू नये

आता हे सगळे आपल्या दाराशी आणू.

उसाच्या हिशेबाचे नियम दरवर्षी बदलतात. २००९ पासून किमान दराच्या जागी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, आला. २०२४-२५ च्या हंगामाला तो १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,४०० रुपये होता. २०२५-२६ ला ३,५५० झाला. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे, न दिल्यास वर्षाला पंधरा टक्के व्याज, असे ऊस नियंत्रण आदेशात आहे. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी हप्त्यांनी देण्याची मुभा दिली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे तीन वर्षांत बिलाची रीत दोनदा फिरली.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये नियम आणि नोंद एकत्र कालवून ठेवले आहेत, तेथे प्रत्येक बदलाला नोंदीच्या मुळाशी हात घालावा लागतो. हप्ते दोन केले की खात्याची ठेवण बदलली, पुन्हा एक केला की पुन्हा बदलली. दर वेळी जुन्या नोंदी नव्या साच्यात ओतायच्या, आणि ओतताना काही सांडतेच. नियम वर, इंजिन मध्ये, वही खाली, असे तीन थर वेगळे असतील, तर सरकारचा आदेश आला की वरचा थर बदलायचा. काट्यावरच्या किर्दीला धक्का लागत नाही.

याचा दाखला सहकारातलाच आहे. वारणेच्या खोऱ्यात १९९८ साली सत्तर गावे संगणकाने जोडण्याची योजना सुरू झाली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा तिच्यात मोठा वाटा होता. लागणीची नोंद, तोडणी, टन, बिल यांची माहिती शेतकऱ्याला कारखान्यावर हेलपाटा न मारता गावातल्या केंद्रावर मिळावी, हा हेतू. पुढे संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. गावातला संगणक काढून त्याच्या जागी साध्या मोबाईलवरचे एसएमएस आणले. २००७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. संगणकावर होणारी सगळी कामे एसएमएसवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडले. दारातले यंत्र बदलले, पण शेतकऱ्याला हवी असलेली माहिती तीच राहिली. उद्या एसएमएसच्या जागी आणखी काही आले तरी टनाची नोंद तीच राहायला हवी.

आपल्या विकास सोसायट्यांचाही प्रश्न आता हाच आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपये मंजूर केले. सोसायटीची वसुली कारखान्याच्या बिलातून होते. सोसायटीचे पुस्तक एका यंत्रात आणि कारखान्याचे दुसऱ्या, म्हणजे टेंभी नाक्यावरच्या दीडशे रुपयांसारखेच झाले. इकडे बिलातून कापले आणि तिकडे कर्जखात्यावर जमा झालेच नाही, तर व्याज सभासदाला बसते. तेथे एकाच संदर्भ क्रमांकाची नोंद दोन्ही पुस्तकांत असणे आणि न जुळलेल्या नोंदींची यादी रोज निघणे, याला पर्याय नाही.

सभेत काय विचारावे

वार्षिक सभेत आपण दर विचारतो, उतारा विचारतो, उपपदार्थांचा हिशेब विचारतो. संगणकाचा विषय आला की "ते तुम्ही बघा" म्हणून सोडून देतो. यापुढे सोडू नये. संगणकातले काही न कळताही पुढील प्रश्न विचारता येतात.

एक : काट्यावर नोंद चालू असताना वीज गेली तर काय होते, हे कोणी करून पाहिले आहे काय? पाहिले असेल तर केव्हा आणि कोणासमोर?

दोन : एका गाडीच्या सर्व नोंदी एकाच व्यवहारात होतात की वेगवेगळ्या?

तीन : चुकीची नोंद दुरुस्त करताना जुनी खोडली जाते, की ती तशीच ठेवून खाली उलटी नोंद होते? जुन्या हिशेबनिसांनी खोडाखोड कधी चालवून घेतली नाही. यंत्रालाही ती सवलत देऊ नये.

चार : सॉफ्टवेअर देणारी कंपनी उद्या बंद पडली किंवा करार संपला, तर आपली वही आपल्याला दुसऱ्या सॉफ्टवेअरने उघडता येईल काय? ते करारात लिहिले आहे काय?

पाच : वेग वाढवण्यासाठी कोणती खात्री बंद ठेवली आहे काय? असल्यास कोणाच्या सहीने?

यांतले तीन प्रश्न आम्ही त्या मुलांना विचारून पक्के केले. चौथा आणि पाचवा त्यांनीच सुचवला. निघताना आम्ही म्हटले, "तुम्ही एवढं करता, आणि तुमचं नाव कुठं दिसत नाही." ती म्हणाली, "काका, किर्द लिहिणाऱ्याचं नाव कुठं असतं? चूक झाली तरच त्याला शोधतात."

सभासदांना आमची विनंती अशी की, चालू हंगामातल्या काट्याच्या सर्व पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवाव्यात आणि बिल आले की टनांची बेरीज स्वतः करून ताडून पाहावी. फरक आढळल्यास पावतीचा क्रमांक, तारीख आणि गाडीचा नंबर लिहून गट ऑफिसात अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. यंत्रातली किर्द कितीही पक्की असली तरी आपल्या घरातली फडताळातली किर्दही असू द्यावी. दोन किर्दी जुळल्या म्हणजे हिशेब जुळला.